गोव्यातल्या मोपा विमानतळाहून सोलापूर लहान विमानाने, आईचा पहिलाच विमानप्रवास, काय काय बघावं लागेल?

साखळीकर:
नमस्कार मंडळी. आईला ७४ पूर्ण झाली, आयुष्यात एकदाही विमानात बसलेली नाही. बाबा होते तोवर दोघं आषाढीला पायी दिंडीत जायची, मग काही वर्षं बसने, आणि आता गुडघे इतके गेलेत की गेली चार वर्षं एकादशीला इथे साखळीला विठ्ठलापूरच्या देवळात बसून येते आणि म्हणते माझं पंढरपूर हेच. पण मला कळतं ना तिच्या तोंडाकडे बघून. बस तिला झेपत नाही, अंग दुखतं हे एक झालंच पण खरी गोष्ट म्हणजे रात्री मधेच उतरून ढाब्यावर अंधारात संडास शोधायचा ह्या भीतीने ती दुपारपासून पाणीच पीत नाही आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडते.

आता मोपाहून सोलापूरला विमान आहे, तासाभराचा प्रवास, पुढे पंढरपूर ७०-७५ किलोमीटर, गाडी करू. पण विमान लहान, पंख्याचं आहे. शेजारच्या एकांनी तिला सांगितलं की पंख्याचं म्हणजे जुनं विमान, लय हलतं, तेव्हापासून ती नको म्हणतेय. कोणी म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलंय का अशा विमानातून? शिडी किती असते, व्हीलचेअर मिळते का, सामानात काय चालत नाही, कायपण असेल ते सांगा. मीसुद्धा दोनदाच विमानात बसलोय आणि दोन्ही वेळा ऑफिसने सगळं करून दिलेलं.

सोलापूरची_सून_म्हापशात:
दादा अजिबात मागे हटू नका, घेऊनच जा. माझं सासर सोलापूर, माहेर म्हापसा, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक वर्षं मी मुलांना घेऊन बसने नाहीतर मिरजेला गाडी बदलत गेलेय. होटगी रोडचं विमानतळ तिथे कधीचं होतं पण विमानच नव्हतं, विमानाच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद चालला होता, ती चिमणी जून २०२३ मधे पाडली, मग सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला पहिलं विमान सुटलं ते गोव्यालाच. घरी सगळे टीव्हीसमोर बसलेले त्या दिवशी.

सामानाचं आधी सांगते कारण आपल्याकडच्या बायका तिथेच अडकतात. पंढरपूरला जायचं म्हणजे आई पूजेची पिशवी भरणार, त्यात कापूर आणि काडेपेटी असणारच. दोन्ही चालत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि आत टाकायच्या बॅगेतही नाही. सुकं खोबरंही बॅगेत टाकू नका, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून ते ज्वलनशील मालात धरतात. हातात नारळ घेऊन तर सिक्युरिटीतून सोडतच नाहीत. लोणच्याची बरणी आणि तेल हातात नको. हे सगळं घरीच आईसमोर बसून काढा, नाहीतर तिथे मशीनपाशी चार लोकांसमोर पिशवी उलटी करतात आणि तिला ते फार लागेल, माझ्या सासूबाईंचे डोळे भरलेले त्या कापराच्या डबीसाठी. नारळ, तुळशीची माळ, बुक्का सगळं देवळाबाहेर मिळतं.

आणि पावर बँक उलट, ती हातातच ठेवायची, बॅगेत टाकायची नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या पण हातात.

धावपट्टी७२:
मी बरीच वर्षं ग्राउंड हँडलिंगमधे, म्हणजे विमानतळावर माणसं-सामान चढवण्या-उतरवण्याचं काम केलंय, आता सोडलं. विमानाबद्दल आईंना नीट सांगा. ह्या मार्गावर एटीआर ७२ असतं, साधारण ७० सीटांचं, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन, मधली सीट हा प्रकारच नाही. पंखा दिसतो म्हणून ते जुनं नव्हे. आत जेटसारखंच टर्बाइन इंजिन आहे, फक्त त्याची ताकद पंखा फिरवायला वापरतात, कारण तीनशे किलोमीटरच्या अंतराला त्यात इंधन कमी लागतं आणि आखूड धावपट्टीवरून सुटता येतं. लहान गावांना विमान जोडलं गेलं ते ह्याच विमानामुळे, मोठं जेट तिथे परवडलंच नसतं.

हलतं का, तर थोडं जास्त हलतं हे खरं आहे, खोटं कशाला सांगू. जेटपेक्षा खालून उडतं, म्हणजे ढगांच्या वर जायला तेवढी मोकळीक नसते. त्यामुळे पावसाळ्यात सह्याद्रीवरून जाताना आणि उन्हाळ्यात दुपारी जमीन तापल्यावर धक्के लागतात. सकाळचं विमान मिळालं तर सकाळचं घ्या, महिना निवडता आला तर पावसाळा संपल्यावरचा. हलणं म्हणजे रस्त्यावरचे खड्डे समजायचे, विमान त्यासाठीच बांधलेलं असतं, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पहिल्या धक्क्याला त्या घाबरणार नाहीत.

आता चढण्याचं. एटीआरला माणसं मागच्या दारातून चढतात, पुढच्या दारातून सामान जातं. दारालाच जोडलेली छोटी शिडी असते, पाचसहा पायऱ्या, मोठ्या विमानाच्या शिडीसारखी उंच नाही पण अरुंद आणि थोडी उभी. म्हणून व्हीलचेअर सांगताना नुसतं व्हीलचेअर हवी म्हणू नका. आई पायऱ्या चढू शकतात का, की अजिबात नाही, हे स्पष्ट सांगा. त्याचे प्रकार वेगळे असतात आणि पायऱ्या जमत नसतील तर रॅम्प किंवा उचलायची सोय लागते, ती दोन्ही टोकांना आहे ना हे कंपनीला फोन करून विचारा. मोपाला आहे म्हणून सोलापूरला असेलच असं धरून चालू नका. हे किमान ४८ तास आधी करा, काउंटरवर जाऊन नको.

सीट मागची घ्या. पंखे पुढच्या अर्ध्या भागात येतात, तिथे आवाज जास्त. मागे आवाज कमी, दार जवळ, आणि टॉयलेटही मागेच असतं, तुमच्या आईंच्या बाबतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला. शेपटीकडे हलणं थोडं जास्त जाणवतं, पण मी मागचीच घेईन. पंख वर असतो त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं, खिडकी त्यांनाच द्या.

अजून एक, विमानापर्यंत चालत जायची वेळ आली तर आखलेल्या वाटेनेच चालायचं, पंख्याच्या बाजूला कधीच नाही, आणि पदर खोचून घ्यायला सांगा, वारा असतो.

मोपाचा_सडा:
वरच्यांनी चांगलं सांगितलंय, मी फक्त एका गोष्टीवर जोर देतो, दोन दिवसांची मोकळीक ठेवा. मी दुसऱ्याच मार्गावर, दुसऱ्या एका लहान विमानतळावर आईवडलांना घेऊन अडकलो होतो, नाव घेत नाही. समोरून विमान यायला उशीर, मग हवा खराब, मग कळलं की तिथे अंधार पडल्यावर उतरायची सोय नाही म्हणून विमान रद्द. मोठ्या शहरात असं झालं तर दोन तासांनी दुसरं विमान असतं, इथे पुढचं विमान दोन दिवसांनी. वडलांच्या गोळ्या संपलेल्या आणि त्या गावात रात्री मेडिकल शोधत फिरलो, ती रात्र मी विसरणार नाही. म्हणून आईंच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरची तारीख वगैरे ठेवू नका.

हक्क पण माहीत असू द्या. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्यांच्या नियमाप्रमाणे अशा छोट्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं, सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. हवामानामुळे रद्द झालं तर जादाची नुकसानभरपाई मिळत नाही पण तिकिटाचे पैसे मिळतात. आम्हाला तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं, मिळेल ते मुकाट्याने घेतलं.

आणि तिकीट काढताना विमानतळ बघा हं. मोपाचा कोड जीओएक्स, गोव्यातलं दुसरं विमानतळ दाबोळी, त्याचा जीओआय. गोवा म्हणून दाबोळीला जाऊन पोचलेली माणसं मी बघितलीत, तिथून मोपाला यायला दीड तास तरी हवा, तोवर काउंटर बंद. तुम्ही साखळीहून डिचोली-अस्नोडा करून धारगळला या आणि तिथून लिंक रोडने वर. विमानाच्या दोन तास आधी पोचा, व्हीलचेअर आहे म्हणून थोडं आणखी आधी.

साखळीकर:
सगळ्यांचे उपकार कसे मानू. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. कापूर नाही म्हटल्यावर गप्प झाली, मग म्हणाली चंद्रभागेच्या काठी घेऊया. टॉयलेट मागेच आहे म्हटल्यावर मात्र तिने परत विचारलं, म्हणजे पाणी पिऊन बसलं तरी चालेल? तेव्हा मला कळलं तिला पंख्याची भीती नव्हतीच.

पायऱ्या ती धरून धरून चार-पाच चढते, तसंच सांगू ना कंपनीला? आणि सोलापूरच्या ताईंना विचारायचं होतं, दर्शनाचं कसं करावं, रांगेत ती तासन् तास उभी राहू शकणार नाही.

सोलापूरची_सून_म्हापशात:
हो, तसंच सांगा, हात धरून चार-पाच चढते पण सावकाश. दर्शनाला एकादशी, शनिवार-रविवार टाळाच, कार्तिकीच्या आसपास तर नकोच, पाय ठेवायला जागा नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे लवकर गेलात तर रांग कमी असते, आणि पायावर डोकं ठेवायची रांग जमली नाही तर मुखदर्शन असतं, ते लांबून होतं पण लवकर होतं. आईला आधीच विचारून ठेवा तिला कुठलं चालेल, ऐनवेळी तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका. उतरल्या दिवशी थेट पंढरपूरला जाऊन मुक्काम करा, दर्शन दुसऱ्या पहाटे. तुळजापूर आणि अक्कलकोट सोलापूरहून जवळ आहे, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पण मोह आवरा, गुडघे दुखत असताना तीन देव एका फेरीत नकोत.

विमान खाली उतरताना कानाला दडे बसतात, तेव्हा तोंडात आवळासुपारी द्या, गिळत राहिलं की मोकळे होतात.

साखळीकर:
मुखदर्शन नको म्हणाली, पायावर डोकं ठेवायचंय. मग वेळ लागला तर लागू दे, फोल्डिंग स्टूल नेऊ देतात का ते तिथे विचारतो. पावसाळा संपल्यावर, कार्तिकीची गर्दी ओसरली की निघतोय, मागची खिडकी आणि व्हीलचेअर दोन्ही आजच फोन करून सांगतो. देव बरें करूं सगळ्यांचें.