चिनी सहकाऱ्याच्या घरी जेवायला जायचंय, आजींना नमस्कार कसा करू?

मंडळी, मदत हवी आहे. कामानिमित्त सध्या शांघायजवळच्या सूचौमध्ये आहे. रविवारी एका सहकाऱ्याने घरी बोलावलंय. त्याचे आईवडील आणि ऐंशीच्या पुढची आजी असेल. ऑफिसात 'नी हाओ'सुद्धा फारसं कोणी म्हणत नाही, सकाळी नुसतं 'त्साओ' म्हणून कामाला लागतात. घरी काय करायचं? आजींच्या पाया पडलो तर चालेल का? आणि आमच्या इमारतीचा वॉचमन भेटला की 'छ ल मा?' (जेवलास का?) विचारतो, त्याला किती उत्तर द्यायचं? मी आपला काय जेवलो ते सांगत बसतो.

प्रतिसाद १:
पाया पडू नका, आजी दचकतील. तिकडे हाक मारणं हाच नमस्कार. पाहुणे आले की आया पोरांना म्हणतात, 'ज्याओ रन', म्हणजे नात्याने हाक मार. थेट आपलं 'काकांना नमस्कार कर'. तेव्हा दारातून आत गेल्यावर आधी आजी: 'नायनाय हाओ'. मग त्याच्या वडिलांना 'शूशू हाओ', आईला 'आयी हाओ'. (होय, ऐकायला आपल्या 'आई'सारखंच, अर्थ मावशी.) सोबत मान किंचित झुकवा, बस. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारणं तिथेही उद्धटपणाच. वॉचमनला 'छ ल', म्हणजे जेवलो, एवढं पुरे. ते आमंत्रण नसतं, चौकशीही नसते. आता हे जास्त करून जुन्या पिढीतच ऐकू येतं.

प्रतिसाद २:
रिकाम्या हाताने जाऊ नका. फळं उत्तम, दोन्ही हातांनी द्या. 'कशाला आणलंत' होईल, तरी द्याच. भिंतीवरचं किंवा टेबलावरचं घड्याळ मात्र चुकूनही नको. घड्याळ भेट देणं, 'सोंग चोंग', याचा उच्चार मरणाऱ्याला शेवटचा निरोप देण्यासारखा होतो. आजींच्या घरी तर नकोच नको. पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड मोठ्यांच्या पेल्यापेक्षा खाली ठेवा. निघताना ते 'मान त्सौ' म्हणतील, म्हणजे सावकाश जा. थांबायचा आग्रह समजून परत बसू नका!

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. संत्री घेतो. हस्तांदोलनाचं राहिलं, वडिलांशी करू का?

प्रतिसाद १:
त्यांनी हात पुढे केला तर करा. आपणहून आजींपुढे मात्र करू नका.