पिंपळाचा चोवीस तास ऑक्सिजन आणि शाळेतले जीवशास्त्र

पानदेठ :
आमच्या सोसायटीतील पालकांच्या गटावर काल एक मजकूर फिरत आला. ‘पिंपळ, वड आणि तुळस चोवीस तास ऑक्सिजन देतात, झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात हे पाश्चात्त्यांचे अज्ञान असून ते शाळेत शिकवणे बंद करावे,’ असा त्याचा आशय होता. एरवी असले मजकूर मी वाचून सोडून देतो. परंतु त्याखाली दोन विज्ञानशिक्षकांनी हात जोडलेले पाहिले आणि गप्प राहवेना.

प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. रुबेन, कामेन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजनचे जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे जास्त वजनाचे अणू, वापरून हे दाखवले. पाण्याचे हे विघटन हरितलवकात, म्हणजे पेशीच्या हिरव्या भागात, प्रकाशाच्या ऊर्जेवरच होते आणि काळोखात थांबते, मग झाड पिंपळाचे असो वा बाभळीचे. तंतुकणिकांमधील, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांमधील, ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडणारे श्वसन मात्र अहोरात्र चालू असते. वनस्पतींचे हिरवे भाग प्रकाशातच हवा शुद्ध करतात आणि अंधारात ती बिघडवतात, हे शास्त्रज्ञ यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्येच प्रसिद्ध केले होते. ज्यांनी हे मुलांना शिकवायचे, त्यांनीच आज त्या मजकुरापुढे हात जोडावेत?

ओटा_अंगण :
आपला संताप समजला, पण पुस्तकाबाहेरही जग असते. आमचे आजोबा प्रत्येक उन्हाळ्यात अंगणातील कडुलिंबाखाली बाजेवर झोपत आणि ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत त्यांना साधा दमा झाला नाही. झाडे रात्री घातक वायू सोडत असती, तर आमचे निम्मे गाव केव्हाच संपले असते. शिवाय निवडुंग आणि कोरफड रात्री पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडतात हे आपल्याच विज्ञानात लिहिलेले आहे, ते आपण सोयीस्कररीत्या का वगळले?

पानदेठ :
वगळले नव्हते, पण आता सविस्तरच सांगतो. निवडुंग, कोरफड, अननस, पानफुटी या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी रात्री पर्णरंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशींतील पोकळ पिशव्यांमध्ये, साठवतात. दिवसा रंध्रे मिटून, त्याच साठ्यावर प्रकाशात शर्करा तयार होते. हिंदुस्थानात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागले होते. त्यांचे ते निरीक्षण १८१५ मध्ये छापले गेले. यात रात्री ऑक्सिजन तयार होण्याचा प्रश्न कोठेही येत नाही. खिडकी उघडली म्हणून चूल पेटत नसते.

आणि झाडे घातक असल्याचे मी म्हटलेलेच नाही. विश्रांती घेणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर, म्हणजे आठ तासांत १२० लिटर ऑक्सिजन वापरतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत सुमारे ५,९०० लिटर ऑक्सिजन असतो. दोन-चार कुंड्या रात्रभरात फार तर एक-दोन लिटर घेतील. हवेच्या हिशेबाने शयनगृहातून कोणाला बाहेर काढायचेच असेल, तर कुंडीच्या आधी घोरणाऱ्या पतिराजांचा क्रमांक लागतो.

नरसाळे :
मी निवृत्त विज्ञानशिक्षिका आहे, म्हणून थोडे कटू बोलते. शिक्षकांनी हात जोडले याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी हायड्रिला या पाणवनस्पतीतून ऑक्सिजन निघतो हे दाखवणारा प्रयोग फळ्यावरच पाहिलेला असतो. चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटे नरसाळे, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि शेवटी ऑक्सिजनची खूण म्हणून ‘निरीक्षण : धुमसती काडी पुन्हा प्रज्वलित झाली’. एका तासिकेत नळीत पुरेसा वायू जमतच नाही, आणि जमतो त्यात विरघळलेल्या हवेतला नायट्रोजनही असतो. काडी फार तर किंचित उजळते. तरीही प्रत्येक प्रयोगवहीत ती पेटलेली असते.

ओटा_अंगण :
म्हणजे मुलांना खोटे लिहायला लावणारे आपणच, आणि पिंपळावर श्रद्धा ठेवणारे आम्ही मात्र अडाणी!

पालक_दहावी :
माझ्या मुलीच्या बाबतीत गेल्या वर्षी नेमके हेच झाले. काडी पेटली नाही, म्हणून तिने ‘पेटली नाही’ असे लिहिले, तर वही परत करून वर्गातील दुसऱ्या वहीवरून उतरवून आणण्यास सांगण्यात आले. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण कोणी असे उधळत नाही, त्यामुळे तिनेही निमूटपणे उतरवले. नरसाळेताई, आपण इतकी वर्षे सेवेत असताना यावर काय केलेत, हे विचारण्याचा मला अधिकार आहे.

नरसाळे :
जरूर आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात दोन चंचुपात्रे आणि पस्तीस मिनिटे मिळत असताना मी जे केले ते ऐका. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पात्र मधल्या सुट्टीआधीच उन्हात ठेवायचे आणि काडीचा नाद सोडून मुलांना मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजायला लावायचे. मग पात्रावर काळे कापड टाकायचे. बुडबुडे मंदावतात आणि थांबतात. हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे शिक्षक झाला तर चोवीस तासांच्या ऑक्सिजनपुढे हात जोडणार नाही. आपल्यासारखे पालक मात्र तेव्हा ‘हे परीक्षेत येणार आहे का’ एवढेच विचारायला येत असत.

पालक_दहावी :
ही भाषा अनावश्यक आहे. सर्व पालकांना एकाच मापाने मोजू नये.

पानदेठ :
मूळ प्रश्न पिंपळाचा होता, याची नम्र आठवण करून देतो.

ओटा_अंगण :
पिंपळाला रात्रपाळी नसते, हे विद्वानांच्या आग्रहाखातर मान्य करून टाकतो. मात्र आपल्याच आकड्यांनुसार झाडापासून अपायही नाही, तेव्हा मुलांना ‘रात्री झाडाखाली झोपू नये, गुदमरायला होते’ असे सांगणारे शिक्षकही तितकेच चूक ठरतात. त्यांच्यावर आपण एक ओळही लिहिली नाही.

पानदेठ :
तेही चूकच आहे. झाडाखाली साप, विंचू, वाळलेल्या फांद्या अशी न झोपण्याची कारणे पुष्कळ सापडतील. गुदमरणे त्यांत नाही.

पालक_दहावी :
नरसाळेताई, राग बाजूला ठेवून विचारतो. धाकटा यंदा नववीत आहे. त्याने बुडबुड्यांची संख्या लिहिली आणि काडीचा उल्लेखच केला नाही, तर गुण कापले जातील का?

नरसाळे :
मी तपासणार असते तर पूर्ण दिले असते. आता वही कोणाच्या हातात पडते, त्यावर अवलंबून आहे.