शब्दचर्चा: 'इंटरलोकल ॲग्रीमेंट'ला मराठीत काय म्हणायचं? करार, कंत्राट की चक्क तह?

मोगरा:
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एका छोट्या शहरात राहते. शहर म्हणजे नावाला, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. इथल्या सिटी काउन्सिलपुढे यावेळी तीन करार एकदम आलेत, एक शेरीफ ऑफिसशी, म्हणजे काउंटीच्या पोलीस खात्याशी, पोलिसांचा, एक काउंटीच्या कोर्टाशी, आणि एक पाणी-सांडपाणी बघणाऱ्या डिस्ट्रिक्टशी (हा जिल्हा नव्हे, तेवढ्याच कामाची वेगळी सरकारी संस्था). दोन सरकारी संस्थांमधल्या अशा कराराला इथे इंटरलोकल ॲग्रीमेंट म्हणतात. मुलांकडे राहायला आलेले बरेच आजी-आजोबा आमच्याकडे शुक्रवारी जमतात, त्यांना हे मराठीत समजावून सांगायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. भाषांतराच्या ॲपने 'आंतरस्थानिक करार' दिलं. सासरे म्हणाले, आंतरपाट ऐकलाय, आंतरपीक ऐकलंय, ही काय भानगड?

तर मदत करा. इंटरलोकल ॲग्रीमेंट, पब्लिक सेफ्टी, शेरीफ, ऑर्डिनन्स, युटिलिटी फ्रँचायझी, कन्सेंट अजेंडा. आणि 'टेबल करणे', त्याचं नंतर सांगते, तो वेगळाच घोळ आहे.

चकटफू:
पोलिसांशी करार? पोलीस भाड्याने मिळतात का तिकडे? तासावर की डे-नाइट?

मोगरा:
हसू नका हो, जवळजवळ तसंच आहे. इथे पोलीस राज्य सरकारचे नसतात, ज्या त्या शहराने आपापली सोय करायची. मोठी शहरं स्वतःचं खातं ठेवतात, लहानांना ते परवडत नाही म्हणून ती काउंटीच्या शेरीफला पैसे देऊन त्याचे पोलीस घेतात. शोरलाइन, सॅमामिश ही आमच्या बाजूची उदाहरणं. गाडीवर नाव शहराचं रंगवलेलं असतं पण आतला माणूस पगाराला काउंटीचा. १९६७ सालचा इंटरलोकल कोऑपरेशनचा कायदाच आहे राज्याचा, त्याखाली दोन सरकारी संस्था आपापल्या अधिकारातलं काम आपसात असं ठरवून करू शकतात.

जुना_कारकून:
मोगराताई, ३१ वर्षं नगरपरिषदेत काढली त्या जोरावर लिहितो. आपल्याकडे याला शब्द नाही कारण ती गोष्टच नाही. पोलीस राज्याचा विषय, कोर्ट राज्याचं, नगरपरिषदेच्या हातात गटार, दिवाबत्ती, पाणी, बाजार. अतिक्रमण काढायचं झालं तर आम्ही पोलीस स्टेशनला पत्र द्यायचो की बंदोबस्त मिळावा, आणि मग त्यांची सवड होईपर्यंत वाट बघायची, तोवर टपरीवाला दुसरी टपरी टाकून मोकळा. करारबिरार नाही.

मात्र पाण्याचा करार असतो. धरणातलं पाणी घ्यायचं तर जलसंपदा खात्याशी करारनामा करावा लागतो. अंबरनाथ-बदलापूरला तर पाणीपुरवठाच महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बघतं, पालिका नाही. त्यामुळे तुमचा तिसरा करार आजोबांना पटकन कळेल, सुरुवात तिथूनच करा. आणि करारनामा म्हणा, 'ॲग्रीमेंट' म्हटलं की लोकांना भाडेकरू आठवतो.

बखरवाला:
शब्दांचं वजन बघा जरा. 'करार' अरबीतून आलाय, दोघं बसून ठरवतात तो. 'कंत्राट' पोर्तुगीज कोंत्रातो, यात एक पैसे देणारा आणि दुसरा राबणारा, आणि हल्ली तर शब्दाला वास येतो, कंत्राटी कामगार, कंत्राटदार म्हटलं की ऐकणारा लगेच टक्केवारीचा हिशोब मांडतो. 'मक्ता' म्हणजे वसुलीचाच हक्क देऊन टाकला. 'कौल' वरचा खालच्याला देतो. आणि दोन सत्ता आमनेसामने बसल्या की 'तह'. शहर आणि काउंटी दोन्ही सरकारंच, मग तह का नाही म्हणायचं? पुरंदरचा तह, तसा शोरलाइनचा तह :)

बाकी ताईंनी पोलिसांचं वर्णन केलं त्याला तर मराठीत तयार शब्द आहे. तैनाती फौज! ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. होळकरांनी हडपसरला मार दिल्यावर दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि कंपनीचं किमान ६००० पायदळ कायमचं आपल्या मुलखात ठेवून घेतलं, त्याच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा प्रदेश तोडून दिला. फौज आपल्या दारात, खर्च आपला, हुकूम दुसऱ्याचा.

मोगरा:
अरे देवा, हे मी शुक्रवारी सांगितलं तर आजोबा लोक काउन्सिलवर मोर्चा काढतील. पण उपमा जबरदस्त आहे, कारण मीटिंगमध्ये खरंच भांडण यावरूनच होतं. खर्च दरवर्षी वाढतो, आणि पगार किती द्यायचे ते काउंटी आणि पोलिसांची युनियन ठरवतात, शहराच्या हातात बिल येतं फक्त. दुसरी बाजू अशी की स्वतःचं खातं काढायचं तर गाड्या, वायरलेस, ट्रेनिंग, विमा, वर कोणी दावा ठोकला तर ते निस्तरणं, हे छोट्या गावाला झेपत नाही. आणि नोटीस देऊन करारातून बाहेर पडता येतं. बाजीरावाला कुठे पडता आलं.

वकिलीणबाई:
तह नकोच. तह भांडणानंतर होतो, इथे कोणी कोणाशी लढलेलं नाहीये. 'सामंजस्य करार' पण नको, तो एमओयूला वापरतात आणि त्यात बहुतेक वेळा नुसते फोटो असतात, देणंघेणं काही नसतं. इथे पैसे आहेत, मुदत आहे, जबाबदारी आहे, म्हणून साधा करार. 'दोन सरकारी संस्थांमधला करार' म्हणा, चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

माझी खरी तक्रार ऑर्डिनन्सबद्दल आहे. कृपा करून 'अध्यादेश' लिहू नका!! आपल्याकडे अध्यादेश म्हणजे विधानमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात तो, कलम २१३. केंद्रात राष्ट्रपती, कलम १२३. नगरपालिका अध्यादेश काढूच शकत नाही, तिचे असतात ते उपविधी. आधीच आपल्या लोकांनी या शब्दाचा भुगा केलाय, सरकारने साधा जीआर काढला तरी बातमीत 'अध्यादेश'. जानेवारी २०२४ मध्ये वाशीला सगेसोयऱ्यांचा कागद दिला तो अधिसूचनेचा मसुदा होता, आणि गावभर पेढे वाटले ते 'अध्यादेश मिळाला' म्हणून.

चकटफू:
मग रेझोल्यूशन?

वकिलीणबाई:
ठराव. त्यात वाद नाही. ठरवला तो ठराव, पक्का घरचा शब्द.

लेकवूडकर:
उशिरा आलो. मी कॅलिफोर्नियात असतो, हा सगळा प्रकार आमच्या लेकवूडचा. १९५४ साली हे शहर स्थापन झालं तेव्हा त्यांनी स्वतःचं खातं जवळपास काही काढलंच नाही, पोलीस वगैरे सगळ्या सेवा लॉस एंजेलिस काउंटीकडून विकत घेतल्या. त्याला लेकवूड प्लॅनच म्हणतात, नंतर कितीतरी गावांनी तोच कित्ता गिरवला. अशा गावांना इकडे 'कॉन्ट्रॅक्ट सिटी' म्हणतात. त्याला मराठी शब्द सुचवतो, करारी शहर!

बखरवाला:
करारी बाण्याचं शहर, ज्याचा स्वतःचा एक पोलीस नाही. वा.

मोगरा:
लेकवूडकर, हे मी ढापणार. बरं आता शेरीफ. शब्दकोशात 'नगरपाल' सापडतं.

जुना_कारकून:
नगरपाल मुंबईचा. ते मानाचं पद आहे, नामवंत माणसाला वर्षभरासाठी देतात, समारंभाला जायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं. सुनील गावसकर होते नगरपाल. आता तुमच्या आजोबांना सांगा की नगरपाल रात्री गस्त घालतो आणि स्पीडिंगची पावती फाडतो, त्यांच्या डोळ्यासमोर गावसकर पांढऱ्या टोपीत हायवेवर उभे राहतील. शेरीफ हाच शब्द ठेवा, सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे.

मोगरा:
हाहा, ठेवला. पब्लिक सेफ्टी? मी 'जनसुरक्षा' लिहिलं होतं.

वकिलीणबाई:
२०२५ साली मंजूर झालेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकानंतर तो शब्द ऐकला की लोक एकदम सावध होऊन बसतात. तुमच्या अजेंड्यात पोलीस, आगीचा बंब आणि ॲम्ब्युलन्स एवढंच आहे ना? मग तेच लिहा, 'पोलीस आणि अग्निशमन'.

मोगरा:
पटलं. आमच्याकडे बंबाची पण गंमत आहे, ईस्टसाइड फायर अँड रेस्क्यू म्हणून १९९९पासून तीन शहरं आणि आजूबाजूचे फायर डिस्ट्रिक्ट मिळून सामायिक चालवतात. सासरे म्हणाले सामायिक विहीर असते तसं का, म्हटलं हो अगदी तसं, आणि पाळीवरून भांडणंही तशीच.

कोर्टाचं मात्र समजावणं अवघड जातंय. वॉशिंग्टनच्या कायद्यात असं आहे की प्रौढ माणसाने शहराच्या हद्दीत किरकोळ गुन्हा केला, म्हणजे दारू पिऊन गाडी, छोटी चोरी असलं, तर त्याचा खटला, कोर्ट, तुरुंग, सगळा खर्च शहराच्या डोक्यावर. मोठा गुन्हा काउंटीकडे. मग शहराने एकतर स्वतःचं म्युनिसिपल कोर्ट काढायचं नाहीतर काउंटीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाशी करार करायचा. हे डिस्ट्रिक्ट कोर्ट आपल्या 'जिल्हा न्यायालया'सारखं नाही, उतरंडीत बरंच खाली आहे. मी जिल्हा न्यायालय लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटतं खुनाचा खटला चाललाय, इथे चाललाय पार्किंगचा दंड.

वकिलीणबाई:
मग 'काउंटीचं खालचं कोर्ट' लिहा. अगदी घरगुती पाहिजे तर सांगा की न्यायाधीश, कारकून, खोली सगळं काउंटीचं, शहर त्याचे पैसे भरतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तुमच्या शहराने पायरीच भाड्याने घेतलीय.

जुना_कारकून:
युटिलिटीला 'उपयुक्तता' लिहू नका, एका निविदेत वाचलंय मी, 'उपयुक्तता स्थलांतर', म्हणजे पाइपलाइन हलवणे! कायद्याच्या भाषेत लोकोपयोगी सेवा. बोलताना सरळ पाणी, वीज, गटार, केबल.

मोगरा:
आणि फ्रँचायझी? लोकांना वडापावची वाटते.

लेकवूडकर:
किंवा आयपीएलची.

जुना_कारकून:
महाराष्ट्रात विजेची पण झाली की, भिवंडीत २००७पासून टोरंट आहे, वाटप आणि बिलवसुली त्यांच्याकडे. पण तुमच्याकडचा प्रकार तो दिसत नाही.

मोगरा:
नाही नाही. इथे फ्रँचायझी म्हणजे कंपनीला शहराच्या रस्त्याखाली-रस्त्यावर पाइप, तारा, खांब टाकायची आणि ठेवायची परवानगी, वर्षानुवर्षांची. रस्ता शहराचा, पाइप तिचे. रस्ता रुंद करायचा झाला तर पाइप कोणाच्या पैशाने हलवायचे यावर पानंच्या पानं असतात, मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो.

बखरवाला:
वहिवाट! दुसऱ्याच्या जमिनीवरून जायचा हक्क. गावातल्या माणसाला हा शब्द झोपेतून उठवून विचारा.

वकिलीणबाई:
वहिवाट वापराने पडते, ही लेखी आणि मुदतीची आहे. पण समजावायला चालेल. 'रस्ता वापराचा परवाना' लिहा आणि तोंडी वहिवाट सांगा.

मोगरा:
झकास. शेवटचं, 'टेबल करणे'. मी मागच्या वेळी सांगितलं की कोर्टाचा करार सभेच्या पटलावर ठेवला, सगळ्यांना वाटलं चर्चेला आला. प्रत्यक्षात अमेरिकेत टेबल केला म्हणजे बाजूला टाकला, आज नाही. आपल्या नेमकं उलटं.

जुना_कारकून:
तहकूब. विषय तहकूब. आमच्या इतिवृत्तात पानोपानी सापडेल. आणि कन्सेंट अजेंडा म्हणजे ज्यावर कोणी बोलत नाही तो गठ्ठा ना? आमच्याकडे 'विषय क्रमांक १ ते १४ मंजूर' असं एका दमात वाचायचे, मागून कोणीतरी 'मंजूर, मंजूर' ओरडायचं, तोवर चहा यायचा. एकगठ्ठा मंजुरी म्हणा.

मोगरा:
मग शुक्रवारचा मजकूर असा करते: 'शहराच्या सभेपुढे तीन करार आहेत. पहिला शेरीफशी, पोलिसांचा. दुसरा काउंटीच्या खालच्या कोर्टाशी, किरकोळ खटल्यांचा, हा मागच्या वेळी तहकूब झाला होता. तिसरा पाणी-सांडपाण्याचा, त्यातच रस्ता वापराचा परवाना. तिन्ही करार दोन सरकारी संस्थांमधले आहेत. एकगठ्ठा मंजुरीत नाहीत, चर्चा होणार आहे, लोकांना तीन मिनिटं बोलता येईल.'

तैनाती फौज गाळली. सासऱ्यांना मात्र सांगितलं आणि चूक झाली, ते आता त्या तीन मिनिटांत बोलायचं म्हणून तयारी करतायत, मराठीत, आणि भाषांतर मी करायचंय.

चकटफू:
तैनाती फौजेला इंग्लिशमध्ये काय म्हणतात त्याचा नवीन धागा काढा.