एक अंडाशय काढलं की दोन्ही?
अंडाशयाच्या ऑपरेशननंतर वजन का वाढतंय, असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर कुणीतरी 'थायरॉईड तपासा' म्हटलंय. टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) करून घ्याच, पण त्याआधी डिस्चार्ज कार्ड काढून बघा. फक्त सिस्ट (अंडाशयातली गाठ) किंवा एकच अंडाशय काढलं असेल तर उरलेलं सहसा काम सांभाळून घेतं, मग वजनाचं खापर ऑपरेशनवर फोडू नका. दोन्ही काढली असतील तर इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारं हार्मोन) एकदम खाली येतं, स्नायू घटतात आणि चरबी पोटावर जमते. वय ४५च्या आत असेल तर हार्मोन थेरपीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा. ती वजन उतरवण्यासाठी नसते, हाडं आणि हृदयासाठी असते. (गाठ कॅन्सरची असेल तर गणित वेगळं.)

आणि नुसतं चालणं पुरत नाही. ६० किलोच्या बाईचे पाऊण तास भरभर चालून जेमतेम १८० कॅलरी जातात, म्हणजे एक प्लेट पोह्यांइतक्यासुद्धा नाहीत. सर्जनने वजन उचलायला परवानगी दिली की आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला टेकून पुशअप, डंबेल्स. १०-१२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. फेरीतल्या शेवटच्या दोन वेळा जड गेल्या नाहीत तर डंबेल्सचं वजन वाढवा. प्रथिनं रोज ६०-७० ग्रॅम हवीत. वाटीभर वरणात पाच-सहाच मिळतात, त्यामुळे अंडी, पनीर, सोयाबीन लागणारच. काट्यापेक्षा कमरेचा घेर मोजा, ८० सेंटिमीटरच्या आत हवा.