यावल पट्ट्यात रानडुकरांसाठी बंदूक: रायफल की बारा बोर, नवी की जुनी?

केळी_मका_यावल

राम राम मंडळी. सातपुड्याच्या पायथ्याशी साडेनऊ एकर बागायत आहे. सहा एकर केळी, बाकीच्यात खरिपाला मका, रब्बीला हरभरा. कणसात दूध भरलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत पट्टाच्या पट्टा आडवा करतो. टिश्यू कल्चरची नवी रोपं मुळासकट उकरतात. त्यात कोल्हे ठिबकच्या नळ्या चावतात, कणसंही ओढतात. पीक संरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरलंय. मनात रायफल आहे, कारण लांबून नेम धरता येईल. बाजारात एक जुनी ३१५ बोरची रायफल आणि एक जुनी विलायती दुनळी बघून ठेवली आहे. सरकारी कारखान्याची नवी बारा बोरही मिळते. काय घ्यावं, आणि जुनी घ्यायची तर काय काय तपासावं? माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

तापीकाठ

भाऊ, दुकानाची पायरी चढण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा, नाहीतर पैसे अडकतील.

पहिली, कोल्ह्याचा विषय डोक्यातून काढून टाका. कोल्हा आणि खोकड दोन्ही संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड २५ हजारांच्या पुढे. पिकाच्या नुकसानीसाठी पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारायची परवानगी देण्याची तरतूदच कायद्यात नाही. पूर्वी 'उपद्रवी' प्राण्यांची पाचवी अनुसूची होती, तीही याच दुरुस्तीत गेली. त्यामुळे गावात कोणी 'कोल्ह्याला काही नसतं' असं सांगत असेल तर ऐकू नका. कोल्हा नळी चावतो तो बहुतेक पाण्यासाठी. बांधावर दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि कडेच्या लॅटरल मातीखाली घ्या, चावण्याचं प्रमाण उतरतं.

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. अर्ज वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात द्यायचा, सोबत सातबारा आणि नुकसानीचे फोटो. बंदुकीचा परवाना हातात आहे म्हणजे मारायची परवानगी आहे असं होत नाही. दोन कागद वेगळे, दोन्ही लागतात. आणि मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही. मांसाची वाटणी केली की शेतकऱ्याचा आरोपी होतो.

दुसरी, रायफल. शस्त्र कायदा १९५९, कलम १३(३) वाचा. पीक संरक्षणासाठी कायद्यानं धरलेलं हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोर. रायफलसाठी 'योग्य कारण' वेगळं दाखवावं लागतं आणि पिकाच्या कारणावर ती मिळणं फार अवघड. त्यामुळे ती ३१५ आत्ता बयाणा देऊन अडवून ठेवू नका.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यांत मोठी. यावल अभयारण्य तुमच्या डोक्यावर आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात फाईल वर्षभर पडून राहते ती पुष्कळदा इथेच. गट नंबरपासून अभयारण्याच्या हद्दीचं अंतर वनविभागाकडून आधीच लेखी घ्या आणि अर्जालाच जोडा.

जुनी_दुनळी

वर तापीकाठ यांनी पाया घातलाच आहे. मी फक्त हत्याराचं बोलतो.

बारा बोर नवी घ्यायची तर सरकारी कारखान्याची साधी दुनळी किंवा एकनळी. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. बंदुका आता कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट कंपनीकडे आणि काडतुसं पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आहेत. फिनिशिंग ओबडधोबड असतं, लाकडाला पॉलिश कमी, खटका जड. पण चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, ७० मिलिमीटरचं, नळी आजच्या दारूसाठी तपासलेली, आणि सुटा भाग मिळतो. शेतासाठी हेच लागतं.

विलायती दुनळी दिसायला देखणी असते आणि तिथंच फसगत होते. तिच्या नळ्या काढून खालच्या सपाट बाजूवरचे छाप वाचा. अडीच इंच लिहिलं असेल तर चेंबर ६५ मिलिमीटरचं आहे. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, म्हणून लोकांना वाटतं चालेल. बसतं ते तोंड दुमडलेलं असतं म्हणून. उडताना ते उलगडतं, चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्रे आणि डाट (दारू आणि छऱ्यांमधली गादी) अरुंद जागेतून रेटले जातात आणि दाब एकदम चढतो. एका बारानं नळी फुटेल असं नाही. पण प्रत्येक बाराला बिजागरी सैल होत जाते आणि एक दिवस लाकूड मनगटापाशी चिरतं. अशा बंदुकीत ६५ चीच काडतुसं घालायची. ती बारा महिने मिळतील याची दुकानदाराकडून खात्री करा, नसेल तर ती बंदूक तुमच्या कामाची नाही.

नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती डॅमस्कस, तार गुंडाळून घडवलेली. बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. भिंतीवर टांगायला ठीक, शेतात नको. 'नायट्रो प्रूफ' (आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासल्याचा) छाप नसलेली कोणतीही जुनी नळी नाकारा.

आता हातानं तपासणी. आधी दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यानं आणि बोटानं बघा. मग नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरा. आत प्रकाशाची गोल कडी दिसतात. कडं कुठं तुटलं किंवा अंड्यासारखं झालं तर तिथं पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. तोंडाकडे एखाद-दुसरा असेल तर चालतो, चेंबरच्या पुढच्या वीतभरात एकही नको, कारण सगळ्यांत जास्त दाब तिथंच. नळ्यांच्या हुकमध्ये बोट अडकवून लटकत्या ठेवा आणि नखानं टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर मधली पट्टी घट्ट. भद्द किंवा झणझण आवाज आला तर डाख (सोल्डर) सुटलंय, आत पाणी जाऊन गंज चालू आहे.

नळ्या परत जोडा, पण पुढचं लाकूड लावू नका. बंदूक बंद करून कुंदा काखेत धरा आणि नळ्या डाव्या-उजव्या हलवा. बारीकशी टकटक जाणवली तरी बिजागर झिजलंय. मग नळीचा मागचा भाग आणि ॲक्शनची (बंदुकीच्या यंत्रणेच्या धातूच्या भागाची) भिंत यांच्यात पातळ कागद सरकवून बघा. बंद बंदुकीत सरकला तर फट जास्त आहे. वरचा खिट्टीचा दांडा बंद असताना मधोमध किंवा किंचित उजवीकडे हवा. मधल्या रेषेच्या डावीकडे गेला असेल तर पुष्कळ बार झालेत.

खटका डमी काडतुसं घालूनच ओढा, मोकळा ओढू नका, जुनी फायरिंग पिन तुटते. पुढचा खटका साधारण पावणेदोन किलोला सुटावा, मागचा थोडा जड. दोन्ही घोडे चढवून, सेफ्टी काढून, कुंद्याच्या टाचेवर रबरी हातोडीनं हलकं ठोका. एकही सुटला तर ती बंदूक ठेवून द्या. शेवटी लाकूड. ॲक्शनच्या मागं तेलानं काळं पडून मऊ झालेलं असतं, नख रुततं. तिथं केसासारखी चीर बघा.

कागदपत्रं लोक नको तितकी गृहीत धरतात. बंदुकीवरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, परवान्याला यूआयएन (युनिक ओळख क्रमांक) हवा. खासगी माणसाकडून घेताना विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर ४५ दिवस जावे लागतात. 'आत्ता घेऊन जा, कागद मागून करू' म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

सातपुडा_पायथा

परवान्याचं बाजूला ठेवलं तरी रायफल तुमच्या जागेला शोभत नाही. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, नेम चुकला तर कित्येक किलोमीटर जाते. आपल्याकडे तापीपर्यंत सपाट काळी जमीन, मधे मळ्यात सालदाराचं घर, पलीकडच्या बांधावर रात्री मोटर चालू करायला निघालेला माणूस. केळीच्या बागेत वीस पावलांपुढं दिसत नाही. गोळी कुठं थांबणार ते सांगता येत नसेल तर ती झाडायचीच नाही.

आणि 'लांबून नेम' हा फायदा रात्री उरत नाही. मक्यात डुक्कर दिसतं तेच पंचवीस-तीस मीटरवर. तिथं बारा बोर पुरते. काडतूस मोठ्या छऱ्याचं, एलजी किंवा एसजी. चार-सहा नंबरचे बारीक छर्रे डुकराच्या कातडीत अडकतात आणि जखमी डुक्कर सरळ अंगावर येतं. मोठे छर्रेसुद्धा पस्तीस मीटरपुढं इतके पांगतात की नुसती जखम होते. म्हणून बंदूक घेतल्यावर रायफल क्लबच्या रेंजवर ३० मीटरवर मोठा कागद लावून दोन्ही नळ्यांचा फैलाव बघा. साधारण ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजा. एकाच कंपनीच्या दोन काडतुसांत फरक पडतो, आणि फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी जास्त आवळलेल्या, नळीतून मोठे छर्रे पुष्कळदा सुधारित सिलिंडरपेक्षा (कमी आवळलेल्या नळीपेक्षा) वाईट पडतात.

बसायला माळाच हवा, आठ-दहा फूट उंच. वरून बार खाली जातो आणि छर्रे मातीत रुततात. जमिनीवर उभं राहून आडवा मारलेला बार बांधापलीकडं जातो.

तारेत थेट मेनचा करंट सोडायचा विचार कोणी सुचवला तर त्याला तिथंच थांबवा. त्यात माणसं मरतात आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. झटका मशीनचा सौर कुंपणाचा संच वेगळा, त्याचा झटका क्षणिक असतो. साडेनऊ एकराला बंदुकीआधी तोच लावा. खालची तार जमिनीपासून वीतभरावर, दुसरी दीड-दोन फुटांवर. तारेखालचं गवत दर पंधरवड्याला काढलं नाही तर करंट गवतातून उतरतो आणि डुक्कर आरामात आत येतं.

केळी_मका_यावल

सगळ्यांचे आभार, रायफलचा विचार सोडला. एक विचारायचं राहिलं. काकांच्या नावावर जुना बारा बोरचा परवाना आहे, काकांचं वय ७२. ती बंदूक आमच्या नावावर होते का? की ती नुसती वापरली तर चालेल?

तापीकाठ

नुसती वापरायची नाही. परवानाधारक सोबत नसताना दुसऱ्याच्या हातात बंदूक म्हणजे विनापरवाना शस्त्र.

नावावर होऊ शकते, पण पुतण्याच्या बाबतीत वारसाचा प्रश्न येतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे हस्तांतरासाठी अर्ज करता येतो. काकांना मुलंबाळं असतील तर आधी त्यांचं ना-हरकत शपथपत्र घ्या. ते शक्य नसेल तर काकांनी तुम्हाला रीतसर विकायची, वर सांगितलेल्या ४५ दिवसांसह, आणि त्यासाठी तुमचा स्वतःचा परवाना आधी हातात हवा. त्यांच्या पश्चात बंदूक घरात राहू देऊ नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात ताबडतोब जमा करून पावती घ्यायची, मग वारसांनी अर्ज करायचा. दहा किलोमीटरची अट तुमच्या नव्या परवान्याला या मार्गानंही लागू राहते, ते विसरू नका.

जुनी_दुनळी

काकांची बंदूक असली तरी वर सांगितलेली सगळी तपासणी करा, घरची आहे म्हणून सूट नको. घरात वर्षानुवर्षं खोळीत पडलेल्या बंदुकीची नळी दुकानातल्यापेक्षा वाईट निघते, कारण कातडी खोळ ओल धरते. खोळीबाहेर काढून, कुलपाच्या कपाटात, नळ्या खाली तोंड करून ठेवायच्या म्हणजे तेल ॲक्शनच्या लाकडात झिरपत नाही.

आणि आचारसंहितेचं लक्षात ठेवा. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो, आणि ती तिथं दोन-दोन महिने पडते. जमा करायच्या आदल्या दिवशी नळ्या आतून कोरड्या पुसून घट्ट तेलाचा किंवा ग्रीसचा पातळ थर द्या. पावतीवर नंबरासोबत बंदुकीची स्थिती लिहून घ्या, लाकडावरचे ओरखडेसुद्धा. परत आणल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय काडतूस घालू नका. नळीत ग्रीसचा गोळा राहिला तर बार अडतो आणि नळी तिथंच फुगते.