बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढू नका

गाडीचं इंजिन बदलताना "गिअरबॉक्स इंजिनपासून थोडा लांब राहिला तर बोल्ट आवळा, आपोआप चिकटतो" असा सल्ला काही जण देतात. कृपया हे कुणी करू नका. दोन्हीत बोटभर फट राहते याचा अर्थ बहुधा क्लच प्लेट (गिअरबॉक्सचा दांडा जिच्या दात्यांत शिरतो ती चकती) मध्यावर नाही, आणि बोल्टनं ओढलं तर क्लच प्लेट वाकते नाहीतर बेलहाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कव्हरचा, बोल्ट लावायचा कान तुटतो. तो कान अॅल्युमिनियमचा असतो, सहज जोडता येत नाही. खानापुरात घराच्या पडवीत मेहुण्याबरोबर मारुती ८०० चं इंजिन बदलताना माझ्याकडून हेच झालं. तिसऱ्या बोल्टला 'टक्' असा आवाज आला आणि पोटात गोळा आला. पुन्हा सगळं उतरवावं लागलं.

मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून लाकडी दांडा कातून घेतला. पुढचं टोक फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) मधल्या छोट्या बेअरिंगमध्ये बसेल एवढं, मागचा भाग क्लच प्लेटच्या दात्यांत घट्ट जाईल एवढा. दांडा घालूनच प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारं झाकण) आवळायची, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करून, आणि मग दांडा काढायचा. दुसऱ्या वेळी इंजिन हातानंच आत सरकलं. इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंगही (क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं) बदलून घ्या, नंतर तिथं हात पोचत नाही. आणि नव्या इंजिनचा नंबर आरसीवर चढवायला आरटीओत जायचंच आहे, म्हणून त्या इंजिनच्या आधीच्या मालकाकडून बिल किंवा लेखी कागद घेतल्याशिवाय इंजिन विकत घेऊ नका.