कंपवात, तोल आणि कोकणातलं घर: उपयोगी पडलेल्या गोष्टी

उंबरठे, चिऱ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यातलं शेवाळ. अशा घरात कंपवाताच्या माणसाचा तोल कसा सांभाळायचा? करून पाहिलेलंच लिहा.

फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी
पाऊल आखूड पडतंय हे माणसाला आतून कळतच नाही. मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झालं की हालचालीचं मापच आखडतं आणि तेवढंच पुरेसं वाटू लागतं. ‘नीट चाला’ म्हणून काही होत नाही. ‘मोठं पाऊल’ म्हणा, त्यांना ते फाजील वाटेल इतकं मोठं. मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ दाखवला की पटतं. एका अंगाला कलणंही असंच, आरशासमोर उभं केल्यावरच दिसतं.

सून, गुहागर
माजघराच्या उंबरठ्यावर पाय खिळतात. तेव्हा हात धरून ओढू नये. धड पुढे येतं, पाय तिथेच राहतात. ‘अण्णा, थांबा’ म्हणावं. सरळ उभं राहून वजन डाव्या-उजव्या पायावर दोनतीनदा टाकायचं, मग एकच मोठं पाऊल. ओटीपासून न्हाणीपर्यंत चालण्याच्या दिशेला आडव्या चिकटपट्ट्या लावा, साधारण ४० ते ५० सेंमी अंतराने. लाल कोब्यावर पांढऱ्या किंवा पिवळ्या. उभ्या पट्ट्यांनी काही साधत नाही. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल घेऊन चार-पाच पावलांत वळायचं. आणि चालताना गप्पा नकोत, हे पाहुण्यांना सांगणं सर्वांत कठीण.

निवृत्त परिचारिका, मालवण
सगळे पुढे पडण्याची काळजी करतात, पण मागे पडणंही तितकंच घातक. रहाटाचा दोर ओढणं, दांडीवरचे कपडे काढायला वर बघणं, दार आपल्याकडे ओढणं, तिन्हीकडे मागे तोल जातो. एक पाय पुढे, एक मागे ठेवून उभं राहावं, एक हात आधाराला. रहाटाचं काम मात्र दुसऱ्यानेच करावं. पडवीतला झोपाळा बसायला नकोच. उठताना तो मागे सरकतो. हाताची, ४५ सेंमीच्या आसपास उंच, जड खुर्ची बरी. उठताना आधी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, मग रेटा.

मुलगा, दापोली
वीज गेली की डोळ्यांचा आधार जातो आणि तोल जास्तच ढळतो. न्हाणीच्या वाटेवर बॅटरीचा दिवा कायम हवा. मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. तळ फार चिकट रबराचा असला तर घसटत्या पायाला ठेच लागते.

डॉक्टर, कणकवली
उठल्यावर चक्कर येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा, गोळ्यांत स्वतः फेरफार नको. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची नेहमीची गोळी, साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. लोक फक्त मासे टाळतात आणि वर वाटीभर कुळथाची पिठी घेतात! अंघोळ आणि व्यायाम गोळी लागू पडलेली असताना उरकावेत.